मोहेल कसा वाटला: आमच्या बाळाच्या सुंतेचा अनुभव

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, सध्या इस्रायलमध्ये लोदला राहतो. पहिला मुलगा झाला आणि मोहेल, म्हणजे धर्मविधीने सुंता करणारा, शोधायचं काम माझ्यावर आलं. बाळंतपणातून उठून चौघांना फोन मीच केले. पैकी ज्यांना बोलावलं, त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे.

आमच्यात सुंता आठव्या दिवशी करतात. बाळ शनिवारी जन्मलं, म्हणजे आठवा दिवस शब्बाथचा, आमच्या विश्रांतीच्या पवित्र शनिवारचा. नैसर्गिक प्रसूती असेल तर शब्बाथलाही सुंता करतात, म्हणून सासऱ्यांनी सगळ्यांना निरोप देऊन टाकले होते. मोहेल गुरुवारी बाळाला बघायला आले. खिडकीशी नेऊन त्याचे डोळे पाहिले, बिलिरुबिनचा रिपोर्ट मागितला आणि सरळ म्हणाले, "पिवळा आहे, थांबायचं." सासरे हिरमुसले. मोहेलनी त्यांना रंबामचं, म्हणजे मध्ययुगातल्या थोर ज्यू धर्मपंडिताचं, वचन ऐकवलं: सुंता पुढेही करता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते. पुढे ढकललेली सुंता शब्बाथला करत नाहीत, हेही त्यांनीच समजावलं. शेवटी अकराव्या दिवशी, मंगळवारी झाली.

त्यांची दुसरी गोष्ट मला फार आवडली. ते नवऱ्याला म्हणाले, "कर्तव्य तुमचं आहे, हात फक्त माझा." मुलाची सुंता करणं ही बापाची जबाबदारी, आणि मोहेल त्याचा प्रतिनिधी. म्हणून त्या सकाळी त्यांनी सुरी आधी नवऱ्याच्या हातात दिली, 'मी तुम्हाला नेमतो' असं त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, मगच स्वतःच्या हातात घेतली. नवऱ्याचा हात थरथरत होता. 'आमचा पिता अब्राहाम याच्या करारात' बाळाला आणण्याची बराखा, म्हणजे आशीर्वचन, त्यानेच म्हटली. पैसे दिले, काम झालं, असं त्याला वाटूच दिलं नाही.

बाप नसेल किंवा त्याने केलीच नाही तर? मी विचारलं. मग जबाबदारी बेथ दीनवर, समाजाच्या न्यायसभेवर. त्यांच्याकडूनही राहिली तर मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर त्याची स्वतःची. आणि आई? आईवर नाही. इसहाकाची सुंता अब्राहामाने 'देवाने त्याला आज्ञा केली तशी' केली, असं उत्पत्तीत आहे. तालमूद, आमचा जुना धर्मचर्चेचा ग्रंथ, त्यातल्या 'त्याला'वर बोट ठेवतो: त्याला, तिला नाही.

इथे माझी तक्रार आहे. हे सगळं मोहेल माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होते. प्रश्न माझा, बाळ माझ्या मांडीवर, उत्तर मात्र त्याला. मोशेच्या बायकोने, सिप्पोरेने, गारगोटीने आपल्या मुलाची सुंता केली, त्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले. मग मात्र मनापासून बोलले. कर्तव्य नसणं म्हणजे हक्क नसणं नव्हे. स्त्रीने सुंता केली तर चालते का, यावर तालमूदमध्येच वाद आहे, शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ तिला परवानगी देतो, अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यूंचा, रिवाज मात्र देत नाही. हे आधीच मला सांगितलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

सुंतेच्या दिवशी मोहेल पन्नास मिनिटं उशिरा आले. सुंतेला मांडतात ती एलियाहू हन्नाबीची (एलिया संदेष्ट्याची) खुर्ची मांडलेली, मलिद्याच्या नैवेद्याचं ताट तयार, बाळ भुकेने रडतंय आणि मोहेलचा पत्ता नाही. हे बरं नव्हे. काम मात्र अगदी स्वच्छ, काही क्षणांत झालं. सुंतेनंतर जखमेतलं रक्त ओढायची जुनी रीत आहे; त्यासाठी त्यांनी तोंड लावलं नाही, निर्जंतुक नळी वापरली. हे मी आधीच विचारून घेतलं होतं, तुम्हीही विचारा. संध्याकाळी त्यांचा फोन आला, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायला स्वतः आले.

दुसरा मुलगा झाला तर ह्यांनाच बोलावेन. वेळ मात्र एक तास आधीची सांगेन, आणि पहिल्याच भेटीत त्यांच्यासमोर मी बसेन.