थ्री-इन-वन लॉन खत: शेवाळावर जालीम, तणावर जेमतेम

खत, तणनाशक, शेवाळनाशक, सगळं एकाच पिशवीत. शेवाळाचं काम चोख झालं. त्यातल्या फेरस सल्फेटने (लोहाच्या क्षाराने) ते काळंठिक्कर पडलं, मग दाताळ्याने ओरबाडून काढलं. रुंद पानांची तणं त्यातल्या २,४-डी या तणनाशकामुळे पिळवटून वाळली. लव्हाळा मात्र ढिम्म! (पिशवीवर ‘सर्व तणांवर’ छापणाऱ्याने लव्हाळा पाहिलेला नसावा.) गवत जोमात वाढत असताना, माती ओलसर असतानाच टाका, कडक उन्हात, सुकलेल्या लॉनवर टाकलं तर गवतच करपतं. फरशीवर सांडलेले दाणे लगेच झाडून घ्या, ओले झाले की गंजाचे डाग पडतात. सावली आणि साचणारं पाणी तसंच राहिलं तर शेवाळ परत येणारच. तण नसेल तर नुसतं खत घ्या, उगाच तणनाशक कशाला?