दहा दिवसांचं मौन की सोमवारचं भजन?

माझा मावसभाऊ वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. सकाळी फोंड्याहून कंपनीची बस, संध्याकाळी बोरीच्या पुलापाशी खोळंबलेली तीच बस, आणि घरी आल्यावर जेवणाच्या ताटाशेजारी मोबाइल. गेल्या चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता तो म्हणाला, "दादा, मला कुठं तरी जाऊन गप्प बसायचंय. कुठं जाऊ सांग." मी हातातला सुपारीचा घड सावरत काहीतरी पुटपुटलो. आरतीची वेळ झाली होती, वाजवायची मातीची घुमटं तापवून तयार होती, विषय तिथंच राहिला.

त्याला नीट उत्तर द्यायचं तर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्या लागतात: इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर आणि गावच्या देवळातलं आठवड्याचं भजन. पहिली गोष्ट मी एकदाच केली, दुसरी लहानपणापासून अधूनमधून करतो आहे. गोव्यात बाकी पर्यायांना तोटा नाही, पण ते आधी हातावेगळे करतो.

हरमल, मांद्रे, पाळोळेच्या किनाऱ्यावरच्या योगशाळा साधारण ऑक्टोबर ते मार्च चालतात. तिथलं गिऱ्हाईक बाहेरचं, भाषा इंग्रजी, आणि बऱ्याच ठिकाणी ओढा दोनशे तासांच्या शिक्षक-प्रशिक्षणाकडे. शिकवणं वाईट असतं असं मुळीच नाही. पण पेडण्यातली आमची पोरं तिथं चटया झाडतात आणि खोल्या आवरतात, त्या चटईवर बसायला क्वचितच जातात. पाठ-कंबर धरली असेल तर गावच्या सभागृहात सकाळी सहाला भरणारा योगवर्ग जास्त कामाचा. मोबाइलमधल्या ध्यानाच्या ॲपबद्दल इतकंच: ज्या वस्तूनं डोकं शिणवलं तिच्याचकडे औषध मागायचं, हे मला जमलं नाही. कुणाला जमत असेल तर जमो.

एकांतच हवा असेल तर सत्तरीतल्या नानोडे-बांबरची निरंकाराची राय आहे. जायफळाच्या कुळातली झाडं तिथं पाण्यात उभी असतात आणि त्यांची मुळं गुडघ्यांसारखी चिखलातून वर येतात. देवराईत आवाज चढवायचा नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण ती रविवारची सकाळ झाली. सोमवारी पुन्हा बोरीचा पूल आहेच.

इगतपुरी

सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले, 1969 साली भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली. शुल्क नाही. राहणं-जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानातून चालतं, आणि शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच दान घेतात. पैशाची अडचण म्हणाल तर शून्य.

अडचण रजेची. नाव "दहा दिवस" असलं तरी आदल्या दुपारी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं, म्हणजे बारा दिवस झाले. गोव्याहून जायचा-यायचा प्रवास धरला की दोन आठवडे गेलेच. खाजगी कंपनीत एवढी सलग रजा मागायची म्हणजे साहेबाला आधी लग्न की आजार ते सांगावं लागतं.

पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात. मधल्या वेळात दहा तासांहून जास्त बसणं. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा, वही-पेन-पुस्तकही नाही, आणि नवव्या दिवसापर्यंत शेजाऱ्याशी नजरसुद्धा मिळवायची नाही. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवशी खरी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं, सुरू होते. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना फळ आणि चहा, त्यावर रात्र काढायची. दहा दिवस हुमण, म्हणजे माशांची आमटी, नाही, हे गोंयकाराला वेगळं सांगायला नको. तिथला वरण-भात मात्र चांगला होता.

तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात काय आलं असेल? आजोबांच्या मुंजीतला, मी न पाहिलेला, फक्त ऐकलेला एक भांडणाचा प्रसंग. तो दोन दिवस वाजत राहिला. मग गुडघे वाजू लागले. मग सहाव्या-सातव्या दिवशी कधीतरी एक तास असा गेला की तास गेला हे घंटेनं सांगितलं. तेवढ्यासाठी गेलो होतो असं तेव्हा वाटलं, आणि पुढच्याच बैठकीत पुन्हा भांडण हजर.

मला सगळ्यात जड गेली ती वेगळीच गोष्ट. शिबिराच्या काळात दुसरी कुठलीही उपासना चालत नाही. जप नाही, माळ नाही, उपास नाही. ज्याचा सोमवार लहानपणापासून कधी चुकला नाही त्याला हे टोचतं. तर्क कळतो, एका वेळी एकच औषध. तरी मंगेशीच्या पालखीची वेळ झाली की पाय आपोआप हलतात.

आणि घरी आल्यावर? सांगतात ते असं की सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा. मी दोन महिने बसलो. मग पावसाळा आला, रस्ते तुंबले, संध्याकाळचा तास गेला. आता सकाळची वीस मिनिटं उरली आहेत.

गावचं देऊळ

गोव्यात घरात कोकणी आणि देवापुढे मराठी, ही वाटणी किती पिढ्यांची आहे कोण जाणे. माझी आई भांडते कोकणीत आणि तुकोबा म्हणते मराठीत. भजनाला बसलं की जय जय रामकृष्ण हरीचा गजर, रूपाचा अभंग, मधे एखादी गवळण, शेवटी भैरवी, आरती आणि गाऱ्हाणं. पेटी आणि पखवाज येणारे दोघं-तिघंच असतात. बाकीच्यांच्या हातात झांजा.

अर्थ कळतो का? अर्धा. पण ओळ लांब असते, ती एका दमात म्हणायची, मग पुढचा गातो तेवढ्यात श्वास भरायचा, मग पुन्हा सगळ्यांनी मिळून. इटलीतल्या पाविया विद्यापीठातल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2001 साली तेवीस निरोगी माणसांवर एक प्रयोग केला होता. लॅटिनमधली मरियेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला जवळजवळ सहावर येतो, आणि हृदयाच्या ठोक्यांची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळते, असं त्यांना आढळलं. वाचलं तेव्हा मला शेजारच्या घरात संध्याकाळी चालणारा तेर्स, म्हणजे ख्रिस्ती घरातली जपमाळेची प्रार्थना, आठवला, आमच्या खिडकीतून ऐकू येणारा. भजनावर असा प्रयोग झालेला मी वाचलेला नाही, पण तासभर झांज वाजवून उठणाऱ्याचा चेहरा मी पाहिला आहे.

गाऱ्हाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते मला भजनापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. देवापुढे उभं राहून एकजण सगळ्यांच्या वतीनं बोलतो: अमक्याच्या घरी आजारपण आहे, तमक्याचा मुलगा आखातात आहे, कुणाची काही चूकभूल झाली असेल तर पोटात घाल. मागे उभे असलेले "होय महाराजा" म्हणतात. आपली काळजी दुसऱ्याच्या तोंडून, सगळ्यांसमोर, फार तपशील न सांगता बोलली जाते. असं शिबिरात नाही, ॲपमध्ये तर नाहीच.

आता दुसरी बाजू. देऊळ म्हणजे फक्त शांतता नव्हे. महाजन, म्हणजे देवस्थानचे हक्कदार सभासद, कोण, मान कुणाचा, पालखीला खांदा आधी कुणी द्यायचा यावरून गावागावात भावकी फुटलेली आहे. पोर्तुगीज काळातला देवस्थानांचा कायदा अजून लागू आहे आणि महाजनकी जन्मानं येते. म्हणजे कुणी आत, कुणी बाहेर हे आधीच ठरलेलं असतं. बाहेरच्याला हे भजनातही जाणवतं, नाही कसं म्हणू? बायकांची भजनी मंडळं आता पुष्कळ झाली, पण बऱ्याच ठिकाणी त्यांची वेळ निराळी आणि पुरुषांच्या सोयीनं ठरलेली. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धेनं तरुण मुलं भजनात आली, हे चांगलंच झालं. मात्र स्पर्धा जवळ आली की तालमीचा ताण येतो, आणि ज्या तासाला ऑफिस विसरायचं त्याच तासाला कुणीतरी "तू बेसूर होतोस" म्हणून सुनावतं.

श्रावणात भजनाचं खरं रूप दिसतं. वास्कोच्या दामोदराचा सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, नाव सप्ताह असलं तरी चोवीस तास अखंड. गावोगावी असेच छोटे सप्ताह असतात, तास वाटून घेतलेले. पहाटे तीनच्या पाळीला चार-पाचच माणसं असतात, समई आणि झोपेनं जड झालेले आवाज. इगतपुरीच्या चारच्या घंटेची मला तिथं आठवण येते.

मग कुणी कुठं जायचं

पैसा दोन्हीकडे लागत नाही. रजा एकीकडे दोन आठवडे, दुसरीकडे सोमवारी ऑफिसमधून वेळेवर निघणं, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त कठीण. शरीराच्या दृष्टीनं शिबिर कडक. गुडघे खराब असतील तर खुर्ची मिळते, पण तास तेवढेच. देवावर विश्वास नसेल तर शिबिरात अडत नाही, देवळात थोडं अवघडायला होतं.

मनाचा आजार असेल, औषधं चालू असतील, झोप महिनोनमहिने उडाली असेल तर दोन्ही थांबू द्या. शिबिराच्या अर्जात हे विचारतात, तिथं लपवू नका. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फोन क्रमांक फुकट आहे. आधी तिथं.

बाकी सगळ्यांनी स्वतःला एक विचारावं: मी आवाजानं थकलोय की एकटेपणानं? रात्री आठला बसमधून उतरताना दोन्ही थकवे अगदी सारखे लागतात. म्हणून फसायला होतं. मावसभाऊ म्हणतो गप्प बसायचंय. पण तो दिवसभर गप्पच असतो. यंत्राच्या आवाजात कुणी बोलत नाही, बसमध्ये कानात बोंडं, घरात मोबाइल. त्याला आणखी दहा दिवस मौन दिलं तर तो कदाचित निभावेल, पण त्याची कमतरता मौनाची नाही. त्यानं सोमवारी देवळात जावं, मागच्या ओळीत बसावं, झांजेचा ठेका चुकवावा.

शिबिराची गरज त्याच्या बायकोला आहे. ती प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळी चाळीस मुलं, दुपारी घरची दोन, संध्याकाळी सासू आणि शिकवणीची पोरं. दिवसभरात एक वाक्य पूर्ण होत नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, मुलं आजोळी जातात. मार्चमध्येच अर्ज भरला तर जागा मिळायची शक्यता बरी.

गेल्या आठवड्यात फोनवर मी त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, इतकं शांतपणे की लाइन कटली असं वाटलं. मग म्हणाला, "सोमवारचं ठीक आहे रे. पण ती दोन आठवडे गेली तर शीत-कडी कोण करणार?"