विश्रामबागमधील बास्केटबॉल वर्ग: सराव चोख, ‘प्रोफाइल’ अनावश्यक

सांगलीत विश्रामबाग परिसरात चालणाऱ्या एका खासगी बास्केटबॉल वर्गाला माझा पुतण्या जातो. सकाळच्या सरावाला नाव ठेवण्यास जागा नाही. डाव्या हाताने ले-अप (धावत जाऊन बास्केटजवळून घेतलेला शॉट) घेताना चुकीच्या पायावर उडी मारणाऱ्या मुलाला प्रशिक्षक तिथल्या तिथे थांबवतात, चेंडू बाजूला ठेवायला लावतात आणि नुसती पावले पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

आक्षेप आहे तो साडेचार हजार रुपयांच्या ‘प्लेअर प्रोफाइल’ला. त्यात दीड मिनिटाची चित्रफीत आणि वर्गानेच ठरवलेले ‘राज्य मानांकन’ मिळते. पुतण्याच्या चित्रफितीत त्याचा प्रत्येक शॉट पडतो. बचावासाठी मागे धावतानाचे मात्र एकही दृश्य नाही (तसे ते मैदानावरही क्वचितच दिसते). पालकांपुढे भारतीय बास्केटबॉलपटू सतनाम सिंगचे छायाचित्र ठेवले जाते. २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या दोन फेऱ्यांच्या प्रक्रियेत, डॅलस संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले हे खरे, पण त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, हे त्या छायाचित्राखाली लिहिलेले नाही.

अशा मानांकनांचा सुळसुळाट अमेरिकेत फार आधी झाला आणि त्याची किंमत मुलांनीच मोजली. लेनी कूक २००१ च्या सुमारास तिथल्या शालेय खेळाडूंत अग्रगण्य मानला जात होता. भोवतीच्या गवगव्यात कॉलेजचा मार्ग सोडून त्याने २००२ च्या ड्राफ्टमध्ये नाव दिले आणि दोन्ही फेऱ्यांत एकाही संघाने त्याला घेतले नाही. १९९८ मध्ये शाळेतून थेट आलेला कोर्लिऑन यंग ४० वा निवडला गेला आणि एनबीएत केवळ तीन सामने खेळला. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला कराराच्या पैशांची हमी असते, दुसऱ्या फेरीतल्याला ती नसते. कौतुकाच्या भरात हा फरक मुलांना कोण सांगणार? फलकांवर झळकतात ते शाळेतून थेट एनबीएत जाऊन मोठे झालेले गार्नेट आणि लेब्रॉन. अखेर एनबीए आणि खेळाडू संघटना यांच्यातील २००५ च्या करारात ड्राफ्टसाठी किमान १९ वर्षे वयाची अट आली. उलट, शाळेत असताना मोठ्या कॉलेजांनी फारसे न विचारलेला स्टीफन करी डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजात तीन वर्षे खेळला आणि २००९ मध्ये सातवा निवडला गेला.

वर्ग जरूर लावावा. मात्र वार्षिक शुल्कात प्रोफाइलची रक्कम न विचारता धरली जाते, म्हणून पावती होण्यापूर्वीच ती वगळण्यास सांगावे. यंदा आम्ही सांगितले, तेव्हा त्यांनी खळखळ न करता वगळली.