एनआयपीटी केली, तरी ॲम्निओ करावीच लागली

एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता सांगणारी चाचणी, करून बरेच महिने झाले, बाळही घरी खेळतंय. भीती ओसरल्यावर चाचणीबद्दल नीट लिहिता येतं, म्हणून आता लिहितेय.

सोय म्हणाल तर उत्तम. दहा आठवडे भरले की आईच्या हातातून रक्त घेतात, बाळाला धक्का नाही. माझा पहिला निकाल लागलाच नाही, ‘फीटल फ्रॅक्शन कमी’ एवढाच शेरा आला. रक्तात गर्भाकडून आलेला डीएनए साधारण ४ टक्क्यांहून कमी असेल, तर बऱ्याच लॅब निकाल देत नाहीत. वैताग आला, पण ओढूनताणून काढलेल्या निकालापेक्षा हे परवडलं.

दुसऱ्या नमुन्यावर आलं: ट्रायसोमी १३ (तेरावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं), हाय रिस्क.

माहितीपत्रकातल्या ९९ टक्क्यांची खरी गोम इथे कळते. एक तर तो आकडा मुख्यतः डाउन सिंड्रोमचा. शिवाय दोष असलेल्या गर्भांपैकी किती सापडतात, एवढंच तो सांगतो. मला हवं होतं ते वेगळंच: हाय रिस्क आलेल्यांपैकी खरंच दोष किती जणांत निघतो? समजा, दहा हजारांत दोघांनाच दोष आहे आणि चाचणी हजारात एकदा उगीच घाबरवते. म्हणजे दोन खऱ्या निकालांमागे दहा खोटे! दोष जितका दुर्मीळ, तितकं हे प्रमाण वाईट. ट्रायसोमी १३ तर डाउनहून कितीतरी दुर्मीळ.

त्यात रक्तातला हा डीएनए येतो मुख्यतः वारेतून, म्हणजे प्लासेंटातून. खात्री करायची सीव्हीएस ही चाचणी लवकर होते, पण तिच्यातही वारेचाच तुकडा तपासतात. सोनोग्राफी स्वच्छ होती, म्हणून डॉक्टरांनी थांबवलं आणि सोळाव्या आठवड्यात ॲम्निओ केली, म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढलं. त्या पाण्यात बाळाच्या स्वतःच्या पेशी असतात. फिशचा (ठरावीक गुणसूत्रं झटपट मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट दोन दिवसांत नॉर्मल आला. कॅरिओटाइपसाठी, म्हणजे सगळी गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, पेशी वाढवाव्या लागतात, त्यात दोन आठवडे गेले. ते दिवस कसे काढले ते विचारू नका. ४६ गुणसूत्रं, सगळी जागच्या जागी. दोष वारेपुरताच असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं.

मायक्रोडिलीशनचं (गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असण्याच्या दोषांचं) जादा पॅकेज मी नाकारलं होतं, आजही नाकारीन. ते दोष आणखी दुर्मीळ, म्हणजे खोट्या घंटा आणखी. तसली शंका असेल तर ॲम्निओच्या नमुन्यावर मायक्रोॲरे ही असे बारीक तुकडे कमी-जास्त आहेत का ते पाहणारी तपासणी करता येते. मात्र संतुलित ट्रान्सलोकेशन (काही कमी-जास्त न होता गुणसूत्रांच्या तुकड्यांची झालेली अदलाबदल) तिला दिसत नाही, त्याला कॅरिओटाइपच लागतो.

रक्त देण्याआधी लॅबला एक विचारा: हाय रिस्क आलं तर रिपोर्टवर पीपीव्ही, म्हणजे हाय रिस्क आलेल्यांपैकी खरंच दोष किती जणांत निघतो तो आकडा, छापता का? माझ्या रिपोर्टवर नव्हता. जेनेटिक काउन्सेलरने वय धरून काढून दिला, तेव्हा कुठे त्या ‘हाय’चा अर्थ लागला.