परभणीतलं उन्हाळी फुटबॉल कोचिंग, कॉलेजच्या टीमला लावावं का?

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तयारीला आमच्या कॉलेजनं बाहेरचे कोच लावले होते, महिन्याचं पॅकेज, त्याचा हा रिव्ह्यू. आधी टीम बघा, निम्मी पोरं कबड्डीची, काही क्रिकेटवाली, अन् लहानपणापासून फुटबॉल खेळलेला एकच, तो पण हिंगोलीहून अपडाऊन करतो. याआधीचे कोच मोबाईलवर बार्सिलोनाचे व्हिडिओ दाखवून छोटे पास खेळा म्हणायचे. आमचं ग्राउंड काळ्या मातीचं, उन्हाळ्यात ह्या भेगा, चेंडू कुठं उडंल सांगता येत नाही, पास काय डोंबल्याचा द्यायचा!

हे सर वेगळे. आल्या आल्या चेंडूच दिला नाही, कोण किती पळतो, कोणाची उडी चांगली, एवढंच वहीत लिहिलं. मग ४-४-२ लावून, म्हणजे चार मागं, चार मधी, दोन पुढं, चार-चारच्या दोन्ही लायनी आपल्या पेनल्टी एरियासमोर चिकटवून उभ्या केल्या, मधी फट दिसली की शिट्टी. कबड्डीची पोरं इथं लई भारी निघाली, साखळी धरायची सवय ना, एक सरकला की बाजूचा न सांगता सरकतो.

गोल कसा करायचा, तर थ्रोवर, म्हणजे चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की हातानं आत फेकतात त्यावर. आमच्या फास्ट बॉलरचा खांदा दणकट, त्याच्याकडून लांब थ्रो घोटून घेतले, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून अन् दोन्ही पाय जमिनीला, पाय उचलला की फाऊल. थ्रोवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (समोरच्या बचावाच्या मागं आधीच जाऊन उभं राहिलं की लागतो तो नियम) नसतो हे अर्ध्या टीमला माहीतच नव्हतं, आता उंच पोरगं बिनधास्त गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभं राहतं. हा काय खेळ म्हणून कुणी नाक मुरडलं की सर २००४ चा ग्रीस काढायचे, युरो कपात क्वार्टर फायनल, सेमी, फायनल तिन्ही १-० नं जिंकले, तिन्ही गोल हेडरचे.

आता खटकलेलं. एवढा बचाव खेळायचा तर कीपरवर जास्त मेहनत पाहिजे, त्याला नुसते कोपऱ्यात उभं राहून कॅच दिले. अन् आधी गोल खाल्ला तर पुढं काय, याचं उत्तर सरांकडं नाही. नांदेडच्या एका टीमनं प्रॅक्टिस मॅचमधी सुरुवातीलाच गोल मारला तरी आमची पोरं आपली मागंच बसलेली, पुढं जायचं शिकवलंच नव्हतं. फी सगळी आधी घेतात, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत.

पाचपैकी साडेतीन. चांगले खेळाडू असलेल्या टीमनं पैसे घालू नयेत, आमच्यासारख्यांनी जरूर लावा. फक्त सकाळची बॅच घ्या, संध्याकाळी क्रिकेटवाले ग्राउंड सोडत नाहीत.