जाळीची ट्रॉली: ढकलायची की ओढायची?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींत, वाळूज असो की शेंद्रा, गोदामात नवा गडी आला की जाळीची ट्रॉली (माल न्यायची चाकांवरची जाळीदार गाडी) ओढतच नेतो. पुढची वाट दिसते ना! छातीच्या वर माल रचला की ढकलणाऱ्याला समोरचं दिसत नाही, हेही खरंच. पण ओढताना खांदा मागे पिळतो, कंबर वळते आणि आपण थांबलो तरी ट्रॉली थांबत नाही. चाक थेट टाचेवर येतं. त्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात सेफ्टी बूट काढून चपलेवर फिरणारे कमी नाहीत.

ढकलताना अंगाचं वजन कामी येतं, समोर येणारा माणूसही दिसतो. म्हणून सपाट फरशीवर ढकलणंच बरं, फक्त माल छातीपर्यंतच रचायचा आणि जड खोकी तळाशी. दोन चाकं फिरती, दोन स्थिर असतील तर फिरती आपल्या बाजूला ठेवा. बोटं कडेबाहेर नकोत, दाराच्या चौकटीत चेंगरतात.

ओढणं अडचणीच्या कोपऱ्यातून दोन पावलं बाहेर काढण्यापुरतं. उतारावर भरलेली ट्रॉली एकट्याने ढकलूही नका, ओढूही नका. कलंडायला लागली तर सावरायला न जाता सोडून बाजूला व्हा.