टॉप-अप करू की ऑइलच बदलू?

डिपस्टिकवर, म्हणजे इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल मिनच्या (खालच्या) खुणेला टेकलं की हा प्रश्न पडतोच. खर्चात टॉप-अप, म्हणजे कमी झालेलं तेवढंच ऑइल ओतणं, स्वस्त, बऱ्याच गाड्यांत मिन ते मॅक्स (वरची खूण) साधारण १ लिटरच असतं. मेहनतही कमी, गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून ५-१० मिनिटं थांबा, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं थोडं थोडं ओतून परत बघा, मॅक्सच्या वर गेलं तर ऑइलला फेस येऊ शकतो आणि मग काढत बसा. चेंजला गाडीखाली शिरा, फिल्टर बदला, हात काळे! पण टॉप-अपने जुनं ऑइल नवं होत नाही, घाण तशीच राहते. सर्व्हिस लांब असेल तर टॉप-अप, सर्व्हिसचे किलोमीटर भरत आले असतील तर सरळ चेंज. लेव्हल सारखी उतरतेय? टॉप-अप करून मेकॅनिक गाठा.